ट्रॅक्टरचं मॉडेल नंतर, आधी त्याची नोकरी विचारा

पत्र: वाळवा तालुक्यात आमची साडेपाच एकर बागायत आहे. तीन एकर ऊस, बाकीत सोयाबीन आणि हरभरा. भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघता बघता दर वेळी वाफसा (मशागतीला योग्य ओल) निघून जातो, म्हणून जुना ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलंय. तीन बघून ठेवलेत. कराडजवळचा स्वराज ८५५, २०१२ चा, नुकताच रंग दिलेला. मालकाने पाच हंगाम ऊस ओढला. पाटण भागातला मॅसी १०३५, २००८ चा, भातशेतीवरचा, रंग उडालेला. आणि आटपाडीचा एचएमटी ३५११, १९९९ चा, बाकी दोघांच्या निम्म्या किमतीत. मेव्हणा म्हणतो, ८५५ डोळे झाकून घे. मिस्त्री म्हणतो, आधी मला दाखव. कोणत्या ट्रॅक्टरचं काय चांगलं, काय वाईट, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

उत्तर: राम राम. मिस्त्रीचं ऐका, मेव्हण्याचं नंतर बघू.

पत्रात तुम्ही मॉडेल लिहिलीत, आणि बरं झालं, प्रत्येकाने आजवर काय काम केलं तेही लिहिलंत. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही दुसरी माहिती पहिलीपेक्षा मोलाची असते. घरच्या सहा एकरांत फिरलेला ८५५ आणि पाच हंगाम डबल ट्रॉली ओढलेला ८५५ यांचं बॉनेट तेवढं सारखं असतं. झीज कुठे झाली हे कामावर ठरतं, म्हणून तपासणीही कामाप्रमाणे करायची.

ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरपासून सुरुवात करू. दोन भरलेल्या ट्रॉल्या हलवताना क्लच अर्धा दाबून, रेस वाढवून गाडी उचलतात. खेपेला दहा-वीस वेळा असं होतं आणि कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीच्या रांगेत तर मिनिटामिनिटाला. त्यात क्लच प्लेट जळते. बदलायची तर ट्रॅक्टर बेल हाऊसिंगपाशी (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) मधून वेगळा करावा लागतो, म्हणजे प्लेटपेक्षा मजुरी आणि मोडलेले दिवस जास्त. तपासायचं असं: सपाट मोकळ्या जागेत, समोर कुणी नसताना, दोन्ही ब्रेक पक्के दाबून वरचा गिअर टाका, थोडी रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन दबून बंद पडलं तर क्लच धरतोय. इंजिन गुरगुरत चालूच राहिलं तर प्लेट संपली. एकदाच करा, दहादा केलं तर चांगली प्लेटही तुम्हीच जाळाल.

दुसरी झीज क्राऊन-पिनियनची, म्हणजे मागच्या चाकांना जोर देणाऱ्या डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकांची. मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये चालवा, रेस एकदम सोडा, परत द्या. प्रत्येक वेळी मागून ‘खट्’ झालं, किंवा ओढताना एक आवाज आणि रेस सोडल्यावर वेगळाच घुमणारा आवाज आला, तर डिफरन्शियलमध्ये ढिलाई आहे. उतारावर क्लच न दाबता गिअरवर गाडी सोडा. गिअर आपोआप निसटला तर गिअरचे दात किंवा शिफ्टर फोर्क झिजलेत. चढाला हा दोष लपतो, उताराला उघडा पडतो.

तिसरी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत, ती म्हणजे ट्रॅक्टरचं तोंड. ओल्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना पुढे दुसरा ट्रॅक्टर साखळीने जोडतात. ती साखळी पुढच्या बंपरला नाहीतर अॅक्सलला अडकवलेली असते आणि हिसके सगळे फ्रंट सपोर्टवर बसतात. शिवाय मागच्या भाराने तोंड उचलतं आणि आपटतं, त्यात सेंटर पिनचं (पुढचा अॅक्सल जिच्यावर झुलतो ती पिन) बुश जातं. म्हणून खाली वाकून टॉर्च मारा. सपोर्ट इंजिनाला जिथे बोल्टने बसतो तिथे भेग, वेल्डिंगची रेघ, किंवा एकच बोल्ट नवा आणि बाकी जुने असं काही दिसतंय का? बेल हाऊसिंगच्या कडाही अशाच बघा. बिडाच्या कास्टिंगवरचं वेल्डिंग ही ठिगळाची पँट आहे, परत त्याच जागी फाटणार. मागे हुकाच्या प्लेटची भोकं बघा. गोल असायची ती लांबुळकी झाली असतील तर मीटरवर किती तास दिसतात याला अर्थ नाही. तासांचा मीटर तसाही बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत बंद असतो, केबल तुटली की कुणी बदलत नाही. पायडलचं रबर, लिफ्टच्या हातांची भोकं आणि पीटीओच्या शाफ्टचे (मागून रोटाव्हेटर फिरवणारा दांडा) दात खरं वय सांगतात.

नव्या रंगाबद्दल. रंग देणं हा गुन्हा नाही, पण रंग कुठे कुठे बसलाय ते बघा. रबरी होजवर, वायरींवर, टायरच्या कडेला फवारा उडालेला असेल तर घाईत विक्रीसाठी मारलाय. जोडांच्या फटीत रंगाखाली सिलिकॉन दिसलं तर तिथून ऑइल गळत होतं. आणि रंगवलेल्या बोल्टांच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर विचारा, रंगानंतर काय उघडलं होतं?

कराड ते सांगली या पट्ट्यातला कुठलाही ट्रॅक्टर बघताना आणखी एक प्रश्न विचारायचाच: ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ च्या पुरात हा कुठे होता? बुडालेला ट्रॅक्टर धुऊन-पुसून नव्यासारखा दिसतो. पण हेडलाइटच्या काचेमागे, डॅशबोर्डच्या आत, सीटखालच्या कोपऱ्यात आणि बेल हाऊसिंगच्या तळाला गाळाची बारीक पिवळट पूड राहते. अशा ट्रॅक्टरच्या अल्टरनेटर, स्टार्टर आणि बेअरिंगचा भरवसा नाही. किंमत कितीही कमी असली तरी आम्ही तो सुचवणार नाही.

आता पाटणचा मॅसी. पाटण, जावळी, शिराळा या भागांतल्या ट्रॅक्टरने चिखलणी, म्हणजे भात लावण्याआधी पाण्यात रान कालवण्याचं काम, केलेली असते. चिखलणीत ओढ कमी, पण चिखल आणि पाणी सील शोधत फिरतं. मागच्या अॅक्सलचे सील, पुढच्या हबची बेअरिंग आणि ब्रेक या तीन जागा आधी बघा. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओघळ, त्यावर माती चिकटलेली, हे सील गेल्याचं लक्षण. ड्राय ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला तेच ऑइल लायनरवर जातं आणि एका बाजूचा ब्रेक लागत नाही. दोन्ही पायडलची जोडपट्टी सोडा आणि हळू चालवत एकेक ब्रेक वेगळा दाबा. ज्या बाजूचा दाबला त्या बाजूला ट्रॅक्टर वळला पाहिजे. पुढची चाकं जॅकवर उचलून वर-खाली हलवा, मग आडवी हलवा. वर-खाली हलत असेल तर हबचं बेअरिंग किंवा किंगपिनचं बुश. आडवी हलत असेल तर टायरॉडचे एंड किंवा स्टिअरिंग बॉक्स. जॅकखाली दगड रचू नका, लाकडी ठोकळा लावा आणि मागच्या चाकांना अडण द्या.

गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलंय का, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिलेला हवा. सकाळी सुरू करण्याआधी खालचा ड्रेन प्लग दोन-तीन आटे सैल करा, काढू नका, आणि खाली स्टीलची वाटी धरा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं, म्हणून आधी तेच थेंबतं. पहिले आठ-दहा थेंब ऑइलचेच आले तर बरं. दुधाच्या चहासारखा रंग आला तर पाणी ऑइलमध्ये घुसळलं गेलंय. मालकाने परवानगी दिली तर थोडं ऑइल काढून त्यात लोहचुंबक फिरवा. चुंबकाला काजळासारखं बारीक काही लागलं तर ती वयाची झीज आहे. नखाएवढी चकती किंवा दाताचा तुकडा लागला तर पैसे खिशात घालून परत या.

इंजिनाची तपासणी तिन्हींना सारखीच. जाण्याआधी फोनवर सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नका. पोचल्यावर पहिला हात इंजिनावर ठेवा. गरम लागलं तर गप्पा मारा, चहा घ्या, गार होऊ द्या, कारण गार इंजिनच खरं बोलतं. आधी डिपस्टिक काढा. पातळी खुणेच्या वर असेल तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळलेलं असू शकतं. बोटावर चोळून वास घ्या, डिझेल लगेच कळतं. मग रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नको. झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करायला सांगा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ते सोडा. पण बुडबुड्यांची माळ लागून राहिली तर हेड गॅस्केट किंवा हेड गेलंय. गरम इंजिनाचं झाकण मात्र उघडू नका, वाफ तोंडावर येते.

धूर बघताना सायलेन्सरमागे पांढरी भिंत नाहीतर मोकळं आभाळ असू द्या. सुरू होताना थोडा पांढरा धूर आणि मिनिटाभरात साफ, हे चालतं. पांढरा धूर टिकून राहिला आणि डोळ्यांना झोंबला तर डिझेल पुरतं जळत नाही. कॉम्प्रेशन कमी आहे किंवा नोझल थेंब टाकतंय. एकदम रेस दिल्यावर काळा झोत येऊन जातो, त्याची चिंता नको. कामात सतत काळा धूर असेल तर एअर क्लीनर तुंबलाय किंवा पंप-नोझलचं काम आहे. हे काम त्या मानाने स्वस्तात सुटतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि तिथे खर्च लायनर, पिस्टन, रिंगपर्यंत जातो. ऑइल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं टेकवा. इंजिन गरम असताना झाकण थडथड उडत असेल आणि भोकातून भकाभक वाफ येत असेल, तर रिंगांमधून प्रेशर खाली येतंय.

एक गोष्ट विक्रेते क्वचितच झाकतात, कारण ती कुणी उघडून बघत नाही. एअर क्लीनरकडून मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी पाइप असतो. त्याची क्लिप सैल करून पाइप बाजूला घ्या आणि आत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर मातीची पूड आली तर हे इंजिन धूळ खात आलंय. उन्हाळ्यात माण-खटावच्या किंवा जतच्या फुफाट्यात रोटाव्हेटर मारताना क्लीनरच्या वाटीत ऑइल नसलं तर हेच होतं. धूळ लायनर-रिंगा घासून काढते, आणि जाड ऑइल टाकून धूर काही दिवस दाबता येतो. फडकं तेवढं दाबता येत नाही.

मग अर्धा-पाऊण तास काम करून घ्या. नुसतं गावात फिरवून आणणं म्हणजे तपासणी नव्हे. रोटाव्हेटर असेल तर तो, नसेल तर भरलेली ट्रॉली. इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशरचा काटा मंद रेसवर थोडा खाली येतो, ते ठीक. पण पार तळाला टेकला तर बेअरिंग झिजलीत किंवा ऑइल पंप कमजोर आहे. काटा हलतच नसेल तर मीटर बंद आहे, तेव्हा तीस रुपयांच्या वायरचं कारण ऐकून सोडून देऊ नका, दुसरा मीटर लावून बघा. तापमानाचा काटा कामातही वर येत नसेल तर बहुधा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलाय. आधी कधीतरी इंजिन तापत होतं, त्यावर मारलेली ती मलमपट्टी असते.

लिफ्टही तापल्यावरच बघायची. गार असताना जाड ऑइलमुळे मेलेली लिफ्टही उचलते, आणि काही जण याच कारणासाठी हायड्रोलिकमध्ये मुद्दाम जाड ऑइल भरतात. रोटाव्हेटर पूर्ण उचला, इंजिन बंद करा, लोअर लिंकच्या उंचीला मडगार्डवर खडूची खूण करा आणि पंधरा मिनिटं थांबा. दोन-चार बोटं खाली आला तर जुन्या ट्रॅक्टरला माफ. जमिनीला टेकला तर सिलिंडरची रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. इंजिन चालू असताना उचललेलं अवजार दर दोन-तीन सेकंदांनी हिसका देऊन वर जात असेल तर तीच गळती पंप सारखी भरून काढतोय. उचललेल्या अवजाराखाली हात किंवा डोकं घालू नका.

टायर शेवटी बघा, पण हिशोबात आधी धरा. मागचे दोन नवे टायर ही मोठी रक्कम आहे. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो: ३४१९ म्हणजे २०१९ सालचा चौतिसावा आठवडा. टायरवरच्या रबरी गोट्या उंच दिसल्या तरी टायर रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) असू शकतो, म्हणून कडेचा जोड आणि बाजूच्या भेगा बघा. टायरात पाणी भरत असतील तर रिम व्हॉल्व्हपाशी आतून गंजते.

आता तुमचे तिघे. स्वराज ८५५ चं तीन सिलिंडरचं मोठं इंजिन कमी फेऱ्यांवर ओढतं, म्हणूनच ऊसवाल्यांना तो आवडतो. आणि त्याच कारणाने बाजारात येणारे बरेचसे ८५५ ओढून ओढून आलेले असतात. सुटे भाग कुठेही मिळतात, परत विकताना गिऱ्हाईक लगेच मिळतं. मॅसी १०३५ हलका, ३६ एचपीचा, डिझेलला बरा, छोट्या रानात वळायला सोपा. हलका असल्याने ओल्या काळ्या रानात घसरतो आणि जड ट्रॉलीला तोंड उचलतो. त्याच्या डिझेल पंपाला पाणी-कचरा सोसत नाही, म्हणून डिझेल फिल्टर वेळेवर बदलावे लागतात. एचएमटी ३५११ चा घाट झेटर या चेक कंपनीचा, कास्टिंग दणदणीत. पण कंपनीचा पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली. आता भाग मिळवायचा तर ओळखीचा दुकानदार आणि हे मॉडेल उघडलेला मिस्त्री दोन्ही लागतात. तुमच्या मिस्त्रीला विचारा, एचएमटीचं हायड्रोलिक शेवटचं कधी खोललं होतं? तो घुटमळला तर निम्मी किंमतही महाग.

साडेपाच एकरांना ५० एचपी लागत नाही. पाच फुटी रोटाव्हेटर, सरी सोडणं, पेरणी, एक ट्रॉली शेणखत, एवढं ३५-४० एचपीत होतं. पलटी नांगराला मोठा ट्रॅक्टर लागतो हे खरं, पण पलटी वर्षातून एकदा. ती भाड्याने करून घ्या. तिला वाफशाची एवढी घाईही नसते. ऊस कारखान्याला तुम्ही स्वतः ओढणार नसाल तर ८५५ चा जोर दारात उभा राहून डिझेल पिईल. भाड्याने कामं करायचा विचार असेल तरच तो, आणि तोही न ओढलेला शोधून. या तिघांत आम्ही मॅसीकडे झुकतो, पण अट एकच: ड्रेन प्लगमधून पाणी आलं नाही पाहिजे. सील, हब बेअरिंग आणि ब्रेकचं काम निघणारच असं धरून त्याचा खर्च दुकानातून लिहून आणा आणि तो कागद पुढे ठेवून भाव करा.

भाव करताना जुने आकडे धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, नवा ट्रॅक्टर स्वस्त झाला. त्याआधी शेजाऱ्याने जुना कितीला विकला, हे मालक सांगेल. त्याला आजच्या नव्याचं कोटेशन दाखवा.

कागदपत्रांत साल नीट मोजा. नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २००८ चा मॅसी २०२३ मध्ये नूतन झालेला हवा. १९९९ च्या एचएमटीला २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तीन नूतनीकरणं हवीत. ८५५ ची मुदत २०२७ पर्यंत. आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर नुसता ‘कर्ज फिटलंय’ हा शब्द चालत नाही, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) हातात घ्या. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की खाडाखोड दिसते. कराडचा ट्रॅक्टर एमएच-५० चा आणि तुम्ही सांगलीचे, एमएच-१० चे. पाटण-आटपाडीच्या पासिंगचा नंबरही बघून घ्या. आरटीओ बदलत असेल तर तिथल्या कार्यालयाची एनओसी लागते, त्यासाठी फॉर्म २८. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, मालकाच्या सह्या व्यवहाराच्या दिवशीच. ट्रॉली सोबत घेत असाल तर तिचं आरसी बुक वेगळं असतं, ते मागा. ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहा आणि विमा तुमच्या नावावर झाल्याशिवाय ट्रॅक्टर रस्त्यावर आणू नका.